चाकांवरचं कपाट

कुजलेल्या लाकडाचा वास आमच्या काकांना गिऱ्हाईक आत यायच्या आधी येतो. खुर्ची अजून टेम्पोतून उतरलेली नसते आणि काकांचं नाक आक्रसलेलं असतं. "शी!" म्हणतात. गिऱ्हाईक बिचारं बोलायला तोंड उघडतं आणि तसंच राहतं. या एका अक्षरावर काकांनी पन्नास-पंचावन्न वर्षं सुतारकाम रेटलं. भुशाच्या फळ्या, शी. नुसते खिळे ठोकून उभी केलेली कपाटं, शी. लाकडाचं चित्र छापलेला प्लास्टिकचा कागद चिकटवलेली टेबलं, त्यांना दोनदा शी. गल्लीत त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे शीमिस्त्री म्हणतात. काकांना ते माहीत आहे आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला समोरच्याबद्दल थोडा तरी आदर लागतो.

मी त्यांची पुतणी. त्यांना मूलबाळ नाही. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्या दुकानात रंधा हातात घेतला तो आज शेहेचाळिसाव्या वर्षीही खाली ठेवलेला नाही. काकांकडून मी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे लाकूड ठोकून बघणं. पटाशी उलटी धरायची आणि तिची मूठ लाकडावर आपटायची. निरोगी लाकूड ठण् वाजतं, आतून गेलेलं थप् करतं. काका ओळखीच्यांच्या घरी गेले तरी बसण्याआधी खुर्ची ठोकून बघतात, म्हणून त्यांना फारसं कुणी बोलावत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नाक मुरडणं. ती मी जरा जास्तच शिकले.

दुकानाच्या पाटीवर काकांचं आडनाव कोरलेलं आहे आणि त्यापुढे हातभर जागा कोरी आहे. तिथे पूर्वी 'आणि बंधू' होतं. ते काकांनी एका दुपारी रंध्यानं तासून काढलं. तो बंधू म्हणजे माझे बाबा.

भांडण झालं ते एका गाडीवरून.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पोलादाची चणचण होती. त्या काही वर्षांत अशा गाड्या निघाल्या, ज्यांचं नाक पत्र्याचं आणि मागचं सगळं अंग लाकडाचं. फिकट लाकडाच्या चौकटी, त्यात बसवलेल्या गडद फळ्या, दारंसुद्धा लाकडाची. मागे सामान ठेवायला एवढी जागा की एक कुटुंब संसार थाटेल. त्यातली एक आमच्या भागातल्या दातांच्या डॉक्टरांनी घेतली, तेव्हाच ती चांगली म्हातारी झालेली होती. रस्त्यातून जायला लागली की लोक म्हणायचे, "आलं बघा चाकांवरचं कपाट." डॉक्टरांना ते आवडायचं. गाडीला दरवर्षी घासून वॉर्निश द्यावं लागे, आणि ते काम आमच्या दुकानाकडे आलं.

दोघा भावांची कामं वाटलेली होती. बाबा दारं-खिडक्यांचे, म्हणजे ऊन-पाऊस खाणाऱ्या लाकडाचे. काका कपाटांचे, टेबलांचे, घरात छपराखाली सुखानं राहणाऱ्या लाकडाचे. गाडीच्या चौकटी बाबा बघत. वॉर्निशचा शेवटचा हात काकांचा. काकांच्या शेवटच्या हाताला तोड नव्हती, हे मी आज त्यांच्यावर इतकी चिडलेली असूनही सांगते.

एका वर्षी गाडीच्या डाव्या मागच्या दाराची खालची पट्टी कुजली. बाबांनी नवीन करून बसवली. तीन-साडेतीन वर्षांत तीही कुजली. डॉक्टरांनी दार उघडलं आणि तळाचा तुकडा ओल्या पावासारखा त्यांच्या हातात आला. डॉक्टर गाडी घेऊन तरातरा दुकानात आले. मी तेव्हा सोळा वर्षांची, बाबांचा डबा घेऊन आलेले, दारातच उभी होते.

काकांनी तो काळा, चिकट तुकडा नाकाशी नेला. "शी!" म्हणाले. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे माझं काम नाही. हे माझ्या भावाचं काम. ओलं लाकूड वापरलं त्यानं."

बाबा रंधा ठेवून उठले. त्यांचे हात भुशानं माखलेले. "दादा, लाकूड कोरडं होतं," एवढंच म्हणाले.

"कोरडं लाकूड असं कुजतं?"

बाबा हातांवरचा भुसा पुसत राहिले. खरंच, कोरडं लाकूड असं कुजत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या गाडीला यापुढे या माणसाचा हात लागता कामा नये. काका म्हणाले, नुसत्या गाडीला कशाला, दुकानातल्या कशालाच लागणार नाही. एवढ्या वेळात बाबांचा डबा माझ्या हातात गार झाला.

त्यानंतर बाबा खोक्यांच्या कारखान्यात लागले. फळं भरायची खोकी. चार पातळ फळ्या, सोळा खिळे, पुढचं खोकं. न तासलेलं, न घासलेलं, आठ दिवसांत उकिरड्यावर जाणारं लाकूड. खिडकीच्या चौकटीचा सांधा केसाएवढाही उघडा न ठेवणारा माणूस निवृत्त होईपर्यंत खोकी ठोकत राहिला. दुसऱ्या कुठल्या दुकानानं त्यांना घेतलं नाही. ओल्या लाकडाचा सुतार म्हणून काकांच्या तोंडून त्यांची कीर्ती आधीच सगळीकडे पोचली होती.

आणि मी? मी काकांवर विश्वास ठेवला. तीन वर्षांनी त्यांच्याच दुकानात शिकायला गेले. आई रडली, बाबा म्हणाले, "जा, त्याचा हात चांगला आहे." मला बाबांची तेव्हा कीव यायची आणि खरं सांगायचं तर किळसही यायची. दुसऱ्या सुतारांसमोर मी ते माझे वडील आहेत हे सांगायची टाळाटाळ करायची. माझ्या लग्नात त्यांनी मला एक स्टूल दिलं. आंघोळीला बसायचं, बुटकं, चार पाय बाहेर झुकलेले. बरीच वर्षं रंध्याला हात न लावलेल्या माणसानं ते केलं होतं. देताना म्हणाले, "त्याच फळीचं आहे बरं का. गाडीच्या दाराला वापरली ना, तिचा उरलेला तुकडा. जपून ठेवला होता."

त्याच फळीचं! उद्या तळ गळून पडेल आणि न्हाणीघरात आपण आपटू, एवढंच डोक्यात आलं. मी ते स्टूल घरात घेतलंच नाही. मागच्या दाराबाहेर नळाशी ठेवून दिलं, कुजायचं तर तिथे कुजू दे म्हणून. त्याला बावीस वर्षं झाली. त्यावर कपड्यांचे ब्रश असतात, साबणाचा चोथा असतो, खाली शेवाळ. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. रोज तोंड धुवायला त्याच नळावर जातात. स्टुलाबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही.

यंदा ती गाडी परत आली.

मोठे डॉक्टर वारले. त्यांचा मुलगा, तोही दातांचाच डॉक्टर. गाडी सतरा वर्षं एका शेडमध्ये पडून होती. धाकट्या डॉक्टरला ती जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची होती. मेळाव्याच्या तीन महिने आधी दुसऱ्या गाडीला बांधून ती ओढत आणून त्यानं आमच्या दारात सोडली आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

मी आजवर पुष्कळ घाण बघितली आहे, पण तसली नाही. मागच्या बाकाच्या गादीत उंदरांच्या पिढ्या नांदून गेलेल्या. कापूस पिवळा पडून त्याचे गोळे झालेले. छताच्या कापडातून काळं पाणी गळून बाकावर त्याची खपली धरलेली. दाराच्या तळाशी कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या, त्यातली एक चांगली बशीएवढी. मध्ये कुणीतरी शहाण्यानं कुजलेल्या भागात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून पुट्टी थापली होती आणि पुट्टीवर ब्रशनं लाकडाच्या रेघा काढल्या होत्या. रेघा! वाकड्या, तपकिरी, लहान पोरानं काढाव्यात तशा. ती पुट्टी नखानं उचकटली तर आतून ओल्या मोज्यांचा वास आला आणि माझ्या हातावर अळ्या पडल्या. मी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, तरी जेवताना तो वास येतच होता.

"जमत नसेल तर ते स्टिकर मिळतं ना, लाकडासारखं," धाकटा डॉक्टर म्हणाला, "तेच लावून टाका. फोटोत काय कळतंय?"

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो रुमालासकट दोन पावलं मागे गेला.

काकांना आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. हात थरथरतात, पण पटाशीची मूठ हातात आली की थांबतात. त्यांनी डाव्या मागच्या दारापासून सुरुवात केली. खालच्या पट्टीवर मूठ आपटली. थप्. जरा पुढे. थप्. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या दाराची ती पट्टी बाबांना हाकलल्यावर काकांनी स्वतः केलेली होती. निवडून काढलेलं, तीन उन्हाळे वाळवलेलं लाकूड, हे मला त्यांनीच शंभर वेळा सांगितलं होतं.

"हीसुद्धा गेली, काका," मी म्हणाले.

"सतरा वर्षं ओलीत पडलीय गाडी. काय होणार?"

"छतातून गळलं तरी वरच्या चौकटी शाबूत आहेत. कमरेच्या वरचं सगळं लाकूड ठण् वाजतंय. खालचंच का गेलं?"

काका पुढे सरकले. पुढचं दार ठोकलं, पलीकडची दोन्ही ठोकली. चारी दारं वरून ठण् आणि तळाशी थप्. बाबांनी उभ्या आयुष्यात एकाच दाराची पट्टी केली होती. उरलेली तीन दारं कारखान्यातून आली तशीच होती.

उजव्या मागच्या दाराची पट्टी मी सोडवली, लाकूड चिरायच्या घोडीवर ठेवली आणि उभी चिरली. चिरली कसली, करवत नुसती चिखलातून गेल्यासारखी गेली. आतलं लाकूड काळं, तंतू तंतू सुटलेलं, पिळलं तर पाणी. त्या राडीत तीन जागी मात्र काहीतरी टणक लागलं. बोटानं उकरून काढलं. बोटाच्या पेराएवढ्या तीन गोल खुंट्या. पुसल्या तर उजळ, घट्ट, नव्यासारख्या. प्रत्येकीच्या तोंडावरच्या रेघा पट्टीच्या रेघांना तंतोतंत जुळवलेल्या, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तिथे कधी भोक होतं याचा पत्ता लागू नये.

"पट्टीला खालून भोकं होती," मी म्हणाले. "काचेच्या फटीतून दारात पाणी जातं, ते बाहेर पडायला. कुठल्या गाढवानं बुजवली ही?"

काका खुंटी घेऊन उजेडात गेले. चष्मा वर केला. मग खाली केला. त्यांनी ती नाकाशीही नेली नाही.

"त्या डॉक्टरला भोकं बघवायची नाहीत," ते म्हणाले. आवाज इतका लहान की मला जवळ जावं लागलं. "पहिल्याच वर्षी म्हणाला, मिस्त्री, किडल्या दातासारखी दिसतात, भरून टाका. दातांचा डॉक्टर तो. भोक दिसलं की भरणारच. मला वाटलं, खरंच वाईट दिसतंय. एका दुपारचं काम. बारा खुंट्या."

"म्हणजे तुम्ही?"

"कपाटाला कुठं भोकं असतात?"

हा माणूस पन्नास वर्षं जगाच्या कामाला नाकं मुरडतो, आणि पावसात फिरणाऱ्या गाडीला यानं कपाट समजून बुजवून टाकलं! लोक गाडीला कपाट थट्टेनं म्हणायचे, यानं ते खरं मानलं.

"आणि बाबांनी केलेली पट्टी?"

त्यांनी घोडीचा आधार घेतला. "त्यानं पाडली होती भोकं. बरोबर तीन. वॉर्निश देताना मला वाटलं, विसरला, बाकीच्या दारांशी जुळत नाही. म्हणून तीही मीच बुजवली." मग म्हणाले, "त्याला ते कळलंही नसेल. जोड दिसतच नाही ना."

जोड दिसतच नाही! त्या क्षणीही आवाजात बारीकसा अभिमान होता. मला त्या खुंटीची, त्या सुबक रेघांची, काकांच्या स्वच्छ कापलेल्या नखांची, सगळ्याची किळस आली. अळ्यांची आली नव्हती एवढी.

दुसऱ्या दिवशी धाकटा डॉक्टर काम बघायला आला. चिरलेली पट्टी बघून हसला. "बाबा सांगायचे," म्हणाला, "तुमच्या भावानं गाडीची वाट लावली म्हणून."

मी पॉलिशकागद खाली ठेवला आणि काकांकडे बघितलं. तीस वर्षांपूर्वी ते जिथे उभे होते तिथेच आत्ता उभे होते, आणि मी दारात. काका गप्प बसले असते तरी त्या पोराला काही कळलं नसतं. मला मात्र त्याच दिवशी दुकान सोडावं लागलं असतं, हे मी मनात ठरवून टाकलं होतं.

काकांनी खुंटी पुढे केली. "भावानं नाही. मी. ही सगळी घाण माझ्या हातची आहे. त्याचं काम चोख होतं."

धाकट्या डॉक्टरनं खुंटीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "बरं, बरं," म्हणाला, "पण मेळाव्याच्या आधी होईल ना?"

एका माणसाचं अख्खं आयुष्य खोकी ठोकण्यात गेलं, त्याची किंमत 'बरं, बरं'. मला त्याच्या तोंडावर पुट्टीचा गोळा मारावासा वाटला. पण तो तरी कोण? ज्याला सांगायचं तो माणूस माझ्या घरात खिडकीशी बसलेला होता. संध्याकाळी दुकान बंद करताना काकांनी खुंटी माझ्या हातात ठेवायला बघितली.

"एवढी नेऊन दे त्याला. बघितली की समजेल."

"मी तुमची हमाल नाही," मी म्हणाले. "घर माहीत आहे तुम्हाला. या."

"तोंड नाही गं मला."

"शी म्हणायला आहे ना? मग त्यासाठीही असेल."

चार दिवस ते आले नाहीत. मी दुकानात जात होते, चार पट्ट्या नव्यानं तासत होते, खालून भोकं पाडत होते, काकांशी अक्षर बोलत नव्हते. घरी बाबांनाही काही सांगितलं नाही. ते माझ्या तोंडून जायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी सुट्टी होती. सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. काका पुढच्या दारानं न येता मागून आले, चोरासारखे. खिशात पटाशी होती, ती त्यांच्या कुठेही असतेच. दारापर्यंत आले आणि पाय निघेना. इकडे बघ, तिकडे बघ. नळाकडे नजर गेली. स्टुलावरचे ब्रश त्यांनी बाजूला सारले आणि सवयीनं पटाशी उलटी धरून मूठ आपटली.

ठण्.

त्यांनी परत आपटली. पायावर, सांध्यावर, खालच्या कडेला, जिथे बावीस वर्षं शेवाळ धरून होतं तिथे. ठण्. ठण्. ठण्. मग त्यांनी स्टूल उलटं केलं, अंगठ्यानं साबणाचा थर खरवडला. बैठकीला आरपार तीन भोकं. पाणी साचू नये म्हणून. साबणाच्या चोथ्याखाली ती मी आजवर बघितलीच नव्हती.

"कुणी केलं हे?"

"बाबांनी. माझ्या लग्नात." पुढचं बोलायची माझी इच्छा नव्हती, पण तेही मी बोलून टाकलं. "गाडीच्या दाराची फळी होती ना, तिच्याच उरलेल्या तुकड्याचं."

"आणि तू इथं ठेवलंस? बाहेर?"

"कुजेल म्हणून."

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताला राख आणि खरकटं लागलेलं, तसंच स्टुलाला माझं बावीस वर्षांचं सगळं लागलेलं. ते "शी" म्हणाले. मोठ्यानं नाही, गिऱ्हाईकाला म्हणतात तसं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते मला म्हणाले, आणि मला उलट बोलायला जागाच नव्हती, कारण त्याच वेळी मीही मनात स्वतःला तेच म्हणत होते.

आतून बाबांनी ठोकण्याचा आवाज ऐकला असावा. तो आवाज त्यांना न ओळखता येणं शक्यच नव्हतं. खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"कोण आहे गं?"

काकांनी स्टूल दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "लाकूड कोरडं होतं रे."